मल्हारचं हवामानशास्त्र

दरवर्षी मृगाच्या आगेमागे संगीताच्या वर्तुळात एक वाद हमखास उगवतो. कुणीतरी भर मे महिन्यात किंवा डिसेंबरच्या थंडीत मिया मल्हार हा पावसाळ्याचा राग गायलेला असतो, एखादा जाणकार त्यावर नाक मुरडतो, आणि दोन फळ्या पडतात. पहिली फळी सांगते की ऋतूंचे राग हे शास्त्र आहे. विशिष्ट स्वरांची कंपनं विशिष्ट हवामानाशी जुळतात, पूर्वजांना ते ठाऊक होतं, अवेळी गायलं की राग फळत नाही. दुसरी फळी म्हणते, सगळं थोतांड आहे. वातानुकूलित सभागृहात बारा महिने एकच तापमान असताना कसला वसंत आणि कसली वर्षा? ज्याला जे ऐकावंसं वाटेल ते त्यानं ऐकावं. मला दोघांचाही कंटाळा आला आहे, कारण दोघांचं गृहीतक एकच आहे: ऋतूचं आणि संगीताचं नातं खरं असायचं तर ते निसर्गातच सापडलं पाहिजे. माझं म्हणणं असं की हे नातं माणसांनी जोडलेलं आहे, सुट्या स्वरांत ते सापडत नाही, आणि तरीही ते जपण्यासारखं आहे. माणसांनी जोडलं म्हणूनच तर जपावं लागतं; गुरुत्वाकर्षण काही कुणाला जपावं लागत नाही.

आधी शास्त्रवाल्यांकडे वळू. मिया मल्हार आणि बहार हे दोन राग शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत गंधार कोमल, दोन्हींत निषाद दोन्ही, बाकीचे स्वर शुद्ध. भातखंड्यांच्या वर्गीकरणात दोघंही काफी थाटात, म्हणजे स्वरांच्या एकाच गटात, बसतात. कोमल निषाद, धैवत, शुद्ध निषाद, तार षड्ज ही संगती दोघांच्याही ओळखीची खूण आहे. तरी एक वर्षेचा आणि दुसरा वसंताचा. फरक आहे तो चालण्यात. मल्हार मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रेंगाळतो, त्याचा गंधार मध्यमाचा कण (ओझरता स्पर्श) घेऊन झुलत झुलत रिषभाकडे उतरतो, दोन निषादांमधल्या चिंचोळ्या जागेत कसलेला गायक मिनिटंच्या मिनिटं काढतो. बहार मध्यमावर पाय रोवतो आणि वरच्या सप्तकाकडे पळत सुटतो. हवामान कंपनांनी ठरत असतं तर त्याच स्वरांनी एकदा आभाळ भरून यायला आणि एकदा पळस फुलायला नको होता. आता उलट बाजू बघा. बसंत आणि बहार दोन्ही वसंताचे. पण बसंत पूर्वी थाटातला, त्याचे रिषभ-धैवत कोमल, मध्यम दोन्ही. बहारशी त्याचं स्वरांचं गोत्र जुळत नाही. गायकांना याची अडचण कधी झाली नाही, ते दोघांची सांगड घालून बसंत-बहार गातात. दक्षिणेत पावसाचा राग म्हणजे अमृतवर्षिणी. कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांनी एट्टयपुरमला तो गाऊन पाऊस पाडल्याची आख्यायिका आहे, आपल्याकडे तानसेनाच्या भोवती अशा कथा आहेत तशीच. या रागात स्वर पाचच: षड्ज, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, पंचम, शुद्ध निषाद. मिया मल्हारशी त्याचं साम्य षड्ज, पंचम आणि एका निषादापुरतं. ढगांना नेमकी कोणती कंपनं कळतात मग? उत्तरेतल्या ढगांना एक आणि दक्षिणेतल्यांना दुसरी?

यावर एक चलाख उत्तर येतं: स्वरांत नसेल, चालण्यात असेल. हे मी अर्धं मान्य करतो. बालक्विल आणि थॉम्पसन या संशोधकांनी १९९९ मध्ये पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले होते. या संगीताशी ओळख नसतानाही आनंद, दुःख आणि क्रोध यांतला फरक त्या श्रोत्यांना बऱ्यापैकी कळला. लय, स्वररचनेची गुंतागुंत अशा खुणांवरून त्यांनी तो ओळखला. तेव्हा मल्हारातलं जडपण, दाटून आल्याची भावना परक्या कानालाही जाणवत असेल, यात मला शंका वाटत नाही. पण दाटून आलेलं म्हणजे आषाढ, हे त्याला कुणी सांगितलं? तो म्हणेल धुकं, म्हणेल चिंता, म्हणेल म्हातारपण. भाव ओलांडून जातो, ऋतू सीमेवर अडकतो. इटालियन संगीतकार विवाल्डीनं चार ऋतूंवरचे कॉन्चेर्टो (वाद्यसंगीताच्या रचना) १७२५ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले तेव्हा प्रत्येकासोबत एक सॉनेट (चौदा ओळींची कविता) जोडलं आणि कोणती ओळ कुठे वाजते त्याच्या खुणा स्वरलिपीत केल्या. इथे पक्षी, इथे वादळ, इथे बर्फावर घसरणारी माणसं. निव्वळ स्वरांवर भागत असतं तर त्यानं एवढी खटपट कशाला केली असती?

इतिहासही शास्त्रवाल्यांना साथ देत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकरा'त ग्रामरागांना, म्हणजे जुन्या काळच्या रागांना, ऋतू आणि प्रहर नेमून दिले. ते ग्रामराग आज कुणी गात नाही. पुढे सहा मुख्य रागांची कल्पना आली आणि त्यांना सहा ऋतू वाटले गेले. एका प्रसिद्ध वाटणीत हिंडोल वसंताला, दीपक ग्रीष्माला, मेघ वर्षेला, भैरव शरदाला, श्री हेमंताला आणि मालकंस शिशिराला. मालकंस आज भर वैशाखात गाताना कुणाची जीभ अडखळते? भैरव शरदापुरता राखून ठेवलेला कुणी पाहिला आहे? त्यांची वेळ उरली, ऋतू गळून पडला. वर्षा आणि वसंत एवढे दोनच ऋतू रागसंगीताला घट्ट चिकटून राहिले. निसर्गनियम असता तर तो सहापैकी चार ऋतूंपुरता रद्द कसा झाला?

हेच दोन का उरले, याचं माझं उत्तर साधं आहे. या दोन ऋतूंत माणसं उस्तादांना न विचारता गातच होती. फाल्गुनात होरी आणि फाग, चैत्रात चैती, श्रावण-भाद्रपदात बनारस-मिर्झापूरकडची कजरी, झोपाळ्यावरची गाणी, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकांचे बारामासे. भातलावणीला चिखलात ओणव्यानं रांगेत सरकायचं तर गाण्याशिवाय पाठ उचलत नाही. रागसंगीताला खालून हा सतत पुरवठा होत राहिला, बंदिशींत पपीहा, मोर, बेडूक आणि वीज आली ती तिथून. शिशिराला असं कुणी पाठीशी नव्हतं. कुमार गंधर्वांनी 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे कार्यक्रम बांधले, तेव्हा मल्हारांच्या जोडीला माळव्याची लोकगीतं घेतली. ऋतू कुठून येतो हे त्यांच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुणी दाखवलं असेल.

आता थोतांडवाल्यांना मी आणखी एक दारूगोळा स्वतःहून देतो, कारण वादात ही गोष्ट कुणी काढतच नाही. हवामान संगीतावर परिणाम करतं, अगदी रोज करतं, पण मनाच्या दारानं कमी आणि कातड्याच्या, लाकडाच्या वाटेनं जास्त. जुलैत तबला पिशवीतून बाहेर काढला की पुडीनं, म्हणजे वरच्या कातड्यानं, ओल धरलेली असते. कातडं सैल पडतं, स्वर उतरतो, चाटेवरची, म्हणजे पुडीच्या कडेवरची, आस (नादाची गुंज) बसकी होते. वादक हातोडीनं गजऱ्यावर (पुडीच्या काठच्या वेणीवर) घाव घालत स्वर चढवतो, भागलं नाही तर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकतो, तेव्हा कुठे तो पट्टीला येतो. मग सभागृहातलं वातानुकूलन सुरू होतं. कोरड्या हवेत तेच कातडं आवळायला लागतं, आणि संथ लयीतलं विलंबित रंगात आलेलं असताना तबला आपोआप चढलेला असतो. तंबोऱ्याच्या खुंट्या पावसाळ्यात फुगून हलत नाहीत, उन्हाळ्यात सुकून सुटतात. बासरीचं गणित तर चक्क भौतिकशास्त्राचं आहे: हवा एक अंशानं तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं वाढतो, म्हणजे पोकळीतली हवा दहा अंशांनी तापली तर स्वर अर्ध्या स्वराच्या पाव हिश्शाहून थोडा अधिक चढतो. ही कंपनं खरी, मोजता येणारी. गंमत म्हणजे 'कंपनं' हा शब्द उठताबसता वापरणाऱ्यांना यात काडीचा रस नसतो.

याहून मोठा परिणाम मंडपाचा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला, तो भरतो डिसेंबरात. कोलकात्याची डोव्हर लेन परिषद जानेवारीत. चेन्नईचा मार्गळी महिन्यातला संगीताचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. हजारो माणसं एकत्र बसवायची तर उघड्या मैदानावर मंडप लागतो, आणि मंडप पावसात टिकत नाही, मे महिन्यात त्याची भट्टी होते. परिणाम असा की मल्हारांच्या हक्काच्या चार महिन्यांत हे मोठे मंडप उभेच राहत नाहीत. त्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले. वर्षाकाठी काही दिवसांची सवलत मिळते, तीही मध्यरात्रीपर्यंतच. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मैफलीतून मागे पडले यात या नियमाचा वाटा मोठा आहे. (नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ध्वनिवर्धकाशेजारी ज्याचं घर आहे त्याला विचारा.) तेव्हा हवामान आपलं ऐकणं घडवतं, हे वाक्य खरं आहे, फक्त ते तंबूच्या कापडातून आणि पोलिसांच्या परवानगीतून घडवतं. त्यात गूढ काही नाही.

माझ्या म्हणण्याच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा मात्र वेगळीकडून येतो. २०१९ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. ५१ देशांतल्या सुमारे दहा लाख लोकांनी ऑनलाइन गाणी ऐकल्याच्या ७६.५ कोटी नोंदी त्यात होत्या. रात्री उशिरा शांत, निवांत संगीत आणि दिवसा कामाच्या वेळात जोमदार संगीत, हा आकृतिबंध सगळ्या संस्कृतींत सारखाच आढळला. ऋतूंनुसारही फरक दिसला. २०२३ मधला दुसरा अभ्यास ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक याद्यांचा, सदुसष्ट वर्षांचा, तेवीस हजारांहून जास्त गाण्यांचा. उबदार दिवसांत आनंदी आणि जोमदार गाणी वर चढतात, पावसाळी दिवसांत खाली येतात, असा संबंध त्यात निघाला. शास्त्रवाले म्हणतील, बघा, आम्ही काय सांगत होतो!

बघितलं, पण पुढेही बघू. पहिल्या अभ्यासात दिवस-रात्रीचा आकृतिबंध सगळीकडे समान आहे, ऋतूंचा नाही. तो विषुववृत्तापासूनच्या अंतराप्रमाणे बदलतो आणि त्याचा सर्वांत घट्ट संबंध लागतो तो दिवसाच्या लांबीशी. म्हणजे प्रहरांच्या कल्पनेला इथे थोडाफार आधार मिळतो, हे मी मोकळेपणानं कबूल करतो. ऋतूंच्या रागांना मिळत नाही, कारण आपला आषाढ वर्षातल्या सर्वांत लांब दिवसांच्या आसपास येतो आणि तरी काळोखा असतो. दुसऱ्या अभ्यासात हवामानाचा संबंध दिसला तो आनंदी, उत्साही गाण्यांत आणि तोही यादीत सर्वांत वर असलेल्या गाण्यांत. उदास, मंद गाण्यांशी हवामानाचा संबंध आढळला नाही. आणि मुख्य मुद्दा हा की ब्रिटनमध्ये पाऊस म्हणजे वाया गेलेला दिवस. आपल्याकडे पाऊस म्हणजे विहिरीला पाणी, पेरणीला वाफसा, माहेरी आलेली लेक आणि झाडाला बांधलेला झोपाळा. तिथे पावसानं आनंदाची गाणी खाली जातात, इथे पावसावरच आनंदाची गाणी रचली जातात. पाणी तेच, चिन्ह उलटं. हे चिन्ह ढग ठरवत नाही. चार महिन्यांच्या पाण्यावर वर्ष काढणारा समाज ते ठरवतो.

मग थोतांडवाले जिंकले? मुळीच नाही. 'नैसर्गिक नाही' इथून 'म्हणून पोकळ आहे' इथे ते एका उडीत पोचतात, आणि त्या उडीखाली जमीन नसते. ऑस्ट्रेलियात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. तरीही तिथल्या दुकानांत बर्फाची आणि घसरगाड्यांची गाणी वाजतात, लोक घाम पुसत ती गुणगुणतात आणि त्यांना खरोखर सणासारखं वाटतं. मराया कॅरीचं १९९४ मधलं नाताळचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते २०१९ च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी. अकरा महिने त्याला कुणी विचारत नाही आणि बाराव्यात त्याच्यापुढे नवी गाणी टिकत नाहीत. तापमापकाशी याचा काय संबंध? संबंध आहे तो वाट पाहण्याशी आणि सगळ्यांनी एकाच वेळी वाट पाहण्याशी. आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. मिया मल्हारातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध बडा ख्याल (संथ लयीतली बंदिश) म्हणजे 'करीम नाम तेरो'. त्यात परमेश्वराचं नाव आहे, त्याची करुणा आहे, पावसाचा एक थेंबही नाही. तरी जूनच्या पहिल्या मैफलीत तो सुरू झाला की लोक सावरून बसतात. स्वर बहारचेच, शब्दांत ढग नाहीत, बाहेर ऊन असेल. पावसाळा तरीही उभा राहतो, तो पिढ्यान्‌पिढ्या हा राग याच दिवसांत गायला आणि ऐकला गेला म्हणून. एवढ्या लोकांनी इतकी वर्षं पाळलेला संकेत तुमच्या एका 'मला वाटेल तेव्हा'पुढे पोकळ कसा ठरतो, हे कुणी मला समजावून सांगावं.

थोतांडवाल्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. कर्नाटक संगीतानं मैफलीतली वेळेची बंधनं बहुतांशी सोडून दिली, आणि ते संगीत काही दरिद्री झालं नाही. अगदी बरोबर. पण त्या परंपरेनं आपला भार रचनेवर आणि रचनाकारावर टाकला. त्यागराज किंवा दीक्षितरांची कृती, म्हणजे बांधलेली गीतरचना, ऐकताना श्रोत्याला धरून ठेवायला बाकी पुष्कळ काही असतं. हिंदुस्थानी संगीतानं शब्द आखडते घेतले, ख्यालात तर चार ओळींवर तासभर काढला, आणि अर्थाचा बराचसा भार वेळ, ऋतू, प्रसंग यांच्यावर सोडला. एका घरानं जो खांब काढला तो दुसऱ्या घरात नुसता शोभेचा आहे, असं त्यावरून ठरत नाही. ध्वनिमुद्रणानं हा खांब आधीच पोखरला, हेही खरं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला त्या दिवसापासून कुठलाही राग कुठल्याही वेळी वाजू लागला. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. त्या तबकड्या नसत्या तर आपल्यातल्या बहुतेकांना हे संगीत भेटलंच नसतं. मात्र हाताशी सगळं असताना एखादी गोष्ट आठ महिने न ऐकणं, ही आता ज्याची त्याची निवड झाली आहे, आणि निवड झाल्यामुळे तिची किंमत वाढली आहे.

इथे जाणकारांना दोन शब्द. तरुण गायिकेनं नोव्हेंबरात गौड मल्हार घेतला की पुढच्या रांगेतून जो 'च्च' ऐकू येतो, त्यानं या परंपरेचं जेवढं नुकसान केलं तेवढं वातानुकूलनानं केलं नसेल. परंपरा स्वतः इतकी कर्मठ नाही. वर्षाऋतूत मल्हार आणि वसंतात बसंत-बहार कोणत्याही प्रहरी गावेत, ही मुभा जुनीच आहे. ऋतू आला की घड्याळ बाजूला ठेवा, असं ती सांगते. नियमाला असे बिजागर असतात तेव्हाच तो दाराच्या उपयोगाचा राहतो. संकेत मोडणं आणि संकेत माहीतच नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिसेंबरात जाणूनबुजून मल्हार गाणारा गायक श्रोत्यांच्या मनातल्या पावसाळ्याशी खेळत असतो, त्याला तो पावसाळा लागतोच. ज्या दिवशी सभागृहात कुणालाच काही खटकणार नाही, त्या दिवशी हा खेळही संपेल.

शेवटी ढगांचा मुद्दा. हवामान खात्यानं २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या. केरळात आगमनाची १ जून कायम राहिली, वायव्य भारतातून माघारीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मार्चमध्ये गारपीट होते, ऑक्टोबरात धो धो पाऊस पडतो. राग खरोखर हवेला बांधलेले असते तर मार्चच्या गारपिटीत कुणीतरी मल्हार छेडला असता, आणि कोरड्या गेलेल्या श्रावणात गवयांनी तो गुंडाळून ठेवला असता. होतं नेमकं उलट. पाऊस दडी मारतो तेव्हा मल्हाराची फर्माईश वाढते, आणि अवकाळीत बागा आडव्या झालेल्या असताना तो कुणाला सुचतही नाही. नको असलेल्या पावसाचा राग आपल्याकडे नाहीच. ऋतू पुढेमागे सरकत राहतील. मल्हार मात्र पावसाची वाट ज्या दिवसांत पाहिली जाते त्या दिवसांतच राहील, असं मला वाटतं. आयोजकांनी तेवढं करावं: जुलै-ऑगस्टात दीडशे-दोनशे माणसांच्या लहान सभागृहांत बिनमंडपाच्या मैफली वाढवाव्यात, पत्रिकेवर कंपनांचा मजकूर छापू नये, आणि तबलजींच्या सोयीसाठी वातानुकूलन अर्धा तास आधी सुरू करावं.